हरवलेला वायसर

घरात शिवणकाम चालू असता हातातून सुई निसटली, म्हणजे आजी किंवा आई प्रथम काय सांगते? "कोणी जागचे हलू नका!" शोधाला सुरुवात त्यानंतर होते. सुई सापडेपर्यंत अंथरूण पसरावयाचे नाही, रांगत्या मुलाला खाली सोडावयाचे नाही, असा बहुतेक घरांतील रिवाज आहे. वास्तविक सुईची किंमत ती काय! परंतु ती कोठे आहे हे ठाऊक नसणे, हेच भयाचे कारण असते.

मोटारीच्या इंजिनात एखादा नट, स्क्रू किंवा वायसर पडला म्हणजे हीच अवस्था होते. वायसर म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली बसविण्याची, मध्ये भोक असलेली धातूची चकती. एवढीशी चकती, आणि तिच्यापायी एवढे मोठे यंत्र निकामी व्हावे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. म्हणून इंजिनाच्या पोटात काय चालते, ते आधी पाहू.

पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या मोटारीत बहुधा तीन किंवा चार नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर होत असतो. हाच पिस्टन होय. नळकांड्यावर एक जाड झाकण घट्ट आवळलेले असते. त्याला कारागीर 'हेड' म्हणतात. हवा व इंधन आत घेण्याच्या आणि धूर बाहेर सोडण्याच्या झडपा या हेडमध्ये असतात, आणि ठिणगी पाडणारा प्लगही तेथेच बसविलेला असतो. दट्ट्या अगदी वर येतो तेव्हा त्याची कड आणि हेड यांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा उरते. काही इंजिनांत तर त्याहूनही कमी. सहा मिलिमीटरच्या बोल्टाखालचा नेहमीचा वायसर मात्र सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा असतो. आता तुम्हीच विचार करा, दीड मिलिमीटरच्या वस्तूला एक मिलिमीटरच्या फटीत कोणी दाबून बसवू लागला, तर काय होईल?

आणि हे दाबणे एकदाच होत नाही. मोटार नुसती उभ्याउभ्या चालू असली, तरी इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक दट्ट्या एकदा वर येतो, म्हणजे एका सेकंदात तेराहून अधिक वेळा. रस्त्यावर धावताना हीच संख्या सेकंदाला पन्नासावर सहज जाते. दट्ट्या ॲल्युमिनिअमचा, म्हणजे मऊ. वायसर पोलादाचा, म्हणजे कठीण. लोहाराने ऐरणीवर घाव घालावे तसे हे घाव पडत राहतात. दट्ट्याच्या माथ्यावर खड्डे पडतात, हेडला चरे जातात. वायसर उघड्या झडपेखाली सापडला, तर झडप वाकते. मग ती नीट मिटत नाही आणि त्या नळकांड्याचा सारा जोर निघून जातो. हेडला मधोमध पोकळी असते, त्यामुळे क्वचित एखादा लहान तुकडा तेथे काही काळ निर्धोक नाचत राहतो. पण तो केव्हा कडेला सरकेल, याचा नेम नसतो.

याविषयीचा एक प्रसंग मी एका तालुक्याच्या गावी, मोटारदुरुस्तीच्या कर्मशाळेत पाहिला. संध्याकाळची वेळ होती. भाड्याची एक मोटार प्लग बदलण्यासाठी आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला लांबच्या भाड्यावर जावयाचे होते, आणि तिचा मालक, जो स्वतःच ती चालवीत असे, घाईवर आला होता. कर्मशाळेचे मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांच्या हाताखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण होता. त्याने चारही प्लग काढून ठेवले होते, आणि प्लगांवरील एका भागाचा बोल्ट वायसरासह उचलीत असता त्याच्या तेलकट बोटांतून वायसर निसटला. 'टिण' असा एक बारीक आवाज झाला, पाठोपाठ 'टक' असा दुसरा. मग काही नाही.

तो तरुण क्षणभर तसाच उभा राहिला. हाताच्या अंतरावर पत्र्याच्या डब्यात तशाच वायसरांचा ढीग होता. मालक रस्त्याकडे पाहत होता. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली निजून काम करीत होते. डब्यातील एक वायसर उचलून बोल्टाला लावला असता, तर त्या घडीला कोणाच्याही ध्यानात आले नसते. तरुणाने डब्याकडे पाहिले, आणि मग वाकून म्हणाला, "उस्ताद, वायसर पडला. आत गेला असावा."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. ते रागावले नाहीत, की त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, "चावी कोठे आहे?" चावी गाडीलाच होती. त्यांनी ती काढून आपल्या खिशात टाकली, आणि मगच विजेरी मागितली.

मोटारीचा मालक जवळ आला. "अहो मिस्त्री, केवढासा तो वायसर! आत एवढा जाळ असतो, जाईल वितळून," तो म्हणाला. पुष्कळांची अशी समजूत असते. नळकांड्यात जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, हे खरे. आणि पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते, हेही खरे. परंतु तो जाळ डोळ्याचे पाते लवण्याच्या आत विझतो, लगेच गार हवा आत येते, आणि भोवतालचे धातूचे भाग पाण्याने व तेलाने सतत थंड राखलेले असतात. वायसर वितळण्याची वाट पाहत बसावे, तोवर दट्ट्याचे शेकडो घाव घालून झालेले असतात. मिस्त्रींनी एवढे सारे सांगितले नाही. "साहेब, वितळायचे तर पिस्टन आधी वितळेल," इतकेच ते म्हणाले.

"मग वाऱ्याची नळी लावा, उडून बाहेर येईल!" मालकाने दुसरी युक्ती सुचविली. तीही मिस्त्रींनी मानली नाही. कर्मशाळेतील दाबाची हवा फार जोरकस असते. तिने उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो; शिवाय एखादी झडप उघडी असली, तर वायसर तिच्यातून पलीकडच्या नळीत ढकलला जातो. तेथून तो काढणे अधिक कठीण.

शोध कसा झाला, ते ऐकण्यासारखे आहे. वायसर आत गेला, हे अजून अनुमानच होते. इंजिनाच्या वरच्या बाजूस कितीतरी खोबणी, नळ्या आणि तारा असतात. पडलेली वस्तू पुष्कळदा तेथेच अडकून राहते. म्हणून मिस्त्रींनी प्रथम प्लगांच्या चारही छिद्रांत स्वच्छ कापडाचे बोळे घातले. प्रत्येक बोळ्याचे लांब टोक त्यांनी बाहेर लोंबत ठेवले, म्हणजे बोळाच आत विसरून राहण्याची भीती नको. मग त्यांनी डब्यातील एक वायसर तरुणाच्या हाती दिला आणि म्हटले, "मघाशी हात जेथे होता, तेथे धर आणि सोड." वायसर पडला, एका नळीवर आपटून उडाला आणि तिसऱ्या छिद्राच्या बोळ्यावर जाऊन बसला. तोच 'टिण' असा आवाज! पुन्हा सोडला. या वेळी तो बाजूच्या खोबणीत गेला. तिसऱ्यांदा सोडला तो पुन्हा तिसऱ्या छिद्रापाशी. हरवलेल्या वस्तूची वाट तिच्या जुळ्या भावाकडून काढून घेण्याची ही युक्ती मला फार आवडली.

बाजूच्या खोबणीत पाहिले. तेथे काही नव्हते. मग तिसऱ्या छिद्रातील बोळा काढून विजेरीचा झोत आत टाकला. प्लगाचे छिद्र अवघे १४ मिलिमीटरचे, आणि खाली दट्ट्याचा माथा त्याच्या पाचपट रुंद. त्यामुळे किल्लीच्या भोकातून खोली पाहावी, तसे मधले थोडेसेच दिसते. वायसर दिसला नाही. मिस्त्रींनी एक लांबणारी दांडी काढली. तिच्या टोकाला पेन्सिलीएवढ्या जाडीचा लोहचुंबक होता. ती त्यांनी तशीच आत सोडली नाही. चुंबकावर प्लॅस्टिकची एक बारीक नळी चढवून फक्त त्याचे टोक उघडे ठेवले. कारण इंजिनात आत पोलादाच्या झडपा असतात आणि नळकांड्याची भिंतही बहुधा बिडाची असते. उघडा चुंबक वाटेतच त्यांना चिकटतो आणि हाती आले ते वायसर की झडप, हे कळत नाही.

पहिल्या खेपेस काही आले नाही. दुसऱ्या खेपेस 'टिक' असा आवाज झाला, आणि दांडी किंचित जड झाली. मिस्त्रींनी ती हळूहळू वर घेतली. छिद्राच्या तोंडापर्यंत वायसर आला, आणि तेथे कडेला अडखळून पुन्हा खाली पडला! आत जाताना तो उभा, म्हणजे काठावर गेला होता. चुंबकाला मात्र तो आडवा चिकटला होता. बारा मिलिमीटर रुंदीची चकती तेवढ्याच छिद्रातून आडवी, तीही थोडी एकीकडे कललेली, कशी बाहेर येणार? मालकाने कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी मात्र एक पातळ तार घेतली, तिच्या टोकाला बारीकसा आकडा केला, आणि ती तरुणाच्या हाती दिली. पुन्हा चुंबकाने वायसर छिद्राच्या तोंडाशी आणला. तरुणाने वायसराच्या मधल्या भोकात आकडा अडकविला. चुंबक बाजूला झाला, आणि वायसर तारेला उभा लोंबकळत बाहेर आला.

येथे काम संपले असे आपल्याला वाटेल. मिस्त्रींनी तो वायसर इतर तीन वायसरांशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवला. आकार तोच, जाडी तीच, कोठे टवका उडालेला नाही. म्हणजे आत तुकडा राहिलेला नाही. नंतर प्लग न बसविताच त्यांनी इंजिनाच्या पुढील मोठ्या बोल्टाला पाना लावून हाताने इंजिनाचे दोन पूर्ण फेरे दिले. दोनच का? अशा इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते, आणि तेवढ्यात प्रत्येक दट्ट्या व प्रत्येक झडप आपापली सारी हालचाल करून जाते. पाना कोठे अडला नाही. तेव्हा कोठे खिशातील चावी बाहेर आली. सारे मिळून तासाभराचे काम झाले. तोच वायसर आत राहून इंजिन चालू झाले असते, तर हेड उतरवावे लागले असते, आणि मोटार कित्येक दिवस दारात उभी राहिली असती.

लोहचुंबकाने सर्व वस्तू निघत नाहीत, हे तुम्ही विज्ञानाच्या पाठात शिकला आहातच. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हे त्याला चिकटतात. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनिअम चिकटत नाहीत. न गंजणाऱ्या पोलादाचे काही प्रकारही त्याला दाद देत नाहीत. पितळी वायसर पडला, तर काठीच्या टोकाला घट्ट वंगण लावून ते त्यावर अलगद टेकवतात आणि वायसर त्याला चिकटवून वर घेतात. बारीक चिमट्याची लवचीक दांडीही मिळते. तिच्या मागील टोकाचा खटका दाबला, की पुढे कोंबडीच्या पंजासारखी नखे उघडतात. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या तोंडाला बारीक नळी जोडून हलका तुकडा ओढून घेण्याची रीतही आहे. मात्र जेथे पेट्रोलची वाफ असेल, तेथे ही रीत वापरू नये, कारण त्या यंत्रातील ठिणगीने भडका उडेल.

तेलाच्या बाजूची गोष्ट थोडी निराळी आहे. झडपांवरचे वरचे झाकण उघडले असताना पडलेला नट तेल परत जाण्याच्या भोकांतून घरंगळत खाली तेलाच्या टाकीत जातो. कारागीर या टाकीला 'चेंबर' म्हणतात. तेल खेचणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यामुळे नट पंपात शिरत नाही आणि बहुधा तळाशीच पडून राहतो. म्हणून कित्येक जण "असू द्या तळाशी!" म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. तो खरोखर तळाशी पोहोचला, की वाटेत साखळीच्या दात्यांवर अडकून बसला, हे चेंबर उघडल्यावाचून कसे कळणार? साखळीत सापडलेला नट साखळीला एक-दोन दाते पुढे उडी मारावयास लावतो. मग झडपा भलत्याच वेळी उघडतात, आणि काही इंजिनांत तर वर येणारा दट्ट्याच त्यांच्यावर आदळतो. तेल काढून, चेंबर खोलून नट हाती घेणे, हाच खात्रीचा मार्ग.

तुमच्यापैकी कोणी सायकलचे चाक खोलताना पाहिले असेल, तर छर्रे कसे चौफेर पळतात हे त्याला ठाऊक असेल. म्हणून जाणता कारागीर आधी खाली पांढरे फडके पसरतो आणि छर्रे मोजून वाटीत ठेवतो. मोजणे ही फार मोठी युक्ती आहे. वस्तू पडल्याचा आवाज प्रत्येक वेळी येतोच असे नाही; पण दहा काढले आणि नऊच उरले, तर दहावा कोठेतरी आहे, एवढे निश्चित कळते.

मोटार बिघडली तर निदान रस्त्याच्या कडेला थांबविता येते. विमानाला ती सोय नाही. यास्तव विमानांच्या कर्मशाळांत मोजण्याची ही रीत पराकोटीला नेलेली आहे. तेथे हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कोरलेली असते. पाना परत आला नाही, की रिकामी खाच डोळ्यांत भरते. हत्यार कोणी नेले आणि केव्हा परत केले, याची नोंद होते. त्यातही चुका होतात. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका हवाई तळावर एफ-३५ या लढाऊ विमानाच्या इंजिनाची जमिनीवर चाचणी चालू होती. काम करताना वापरलेली हातातली विजेरी इंजिनाच्या तोंडाशी राहून गेली होती, आणि जेट इंजिन तर समोरील हवा प्रचंड जोराने आत ओढून घेते. हवेबरोबर विजेरीही आत गेली. सुमारे ३९ लाख डॉलर्सची हानी झाली.

दुसरी घटना ऑस्ट्रेलियातील आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सिडनी येथे एअरबस ए-३८० या प्रचंड प्रवासी विमानाच्या एका इंजिनाची आतून तपासणी झाली. डॉक्टर पोटाची तपासणी करण्यासाठी जशी दुर्बीण आत घालतात, तशीच बारीक दुर्बीण इंजिनातही घालतात. त्या वेळी आतील चक्र हाताने फिरविण्यासाठी वापरलेली, सव्वा मीटर लांबीची नायलॉनची एक दांडी इंजिनातच राहिली. हत्यार परत आले नाही, तर जो शोध व्हावयास हवा, तो सुरू होण्याच्या आधीच विमानाला उड्डाणाची अनुमती मिळाली. त्यानंतर ते विमान ३४ वेळा उडाले, सुमारे २९४ तास आकाशात राहिले. आणि जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ती दांडी, वाकलेल्या स्थितीत, सापडली. दांडी नायलॉनची होती. पोलादाची असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. सुदैवाने कोणा प्रवाशाला इजा झाली नाही. पण त्या ३४ उड्डाणांतील एकाही प्रवाशाला आपल्या शेजारच्या इंजिनात काय आहे, याची वार्ताही नव्हती.

जेट इंजिन समोरचे सारे गिळते, म्हणून त्याच्या समोरची जमीनही निर्मळ ठेवावी लागते. विमानवाहू नौकांवर विमानांची उड्डाणे सुरू होण्यापूर्वी एक देखावा पाहावयास मिळतो. नौकेच्या सपाट पाठीवर नाविकांची एक लांबच लांब रांग खांद्याला खांदा लावून उभी राहते, आणि सारे जण माना खाली घालून सावकाश चालू लागतात. कोणी वाकून एखादा खडा उचलतो, कोणी तारेचा तुकडा, कोणी एखादा नट. मिळालेली वस्तू जवळ ठेवून रांग पुन्हा पुढे सरकते. ती दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत एकही इंजिन सुरू होत नाही.